आक्काच्या गिरणीची वीज

माझी उभी हयात पाणी वर चढवण्यात गेली. चाकूरला बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बोअरमधली जळालेली मोटार शेतकरी टेम्पोत घालून आणतो, मी ती उघडतो, काळी पडलेली तार उपसून काढतो, नवी भरतो, आणि तो ती पुन्हा पाचशे-सहाशे फूट खाली सोडतो. आमच्या भागात पाणी म्हटलं की ते खोल असतं आणि त्याला वर ओढायचं असतं. वरून खाली येणारं पाणी आम्हाला माहीतच नाही. चुकून आलंच तर ते अडवायचं, जिरवायचं. पाणी वाहून जाताना दिसलं की आमच्याकडच्या माणसाला खिशाला भोक पडल्यासारखं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जो घोळ झाला तो याच सवयीनं केला, आणि आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून तो झाला असता असं मला वाटत नाही.

माझी थोरली बहीण इस्लापूरच्या वर डोंगरात दिलेली आहे. आम्ही तिला आक्का म्हणतो. चाकूरच्या उघड्याबोडक्या रानातली पोरगी सागाच्या जंगलात जाऊन पडली. तीस वर्षांत तिची बोलीही अर्धी तिकडची झाली. 'मी सैपाक करून राहिले' असं म्हणते, आणि मी हसलो की चिडते. सहस्रकुंडचा धबधबा बघायला लोक गाड्या भरभरून येतात, फोटो काढतात, भाजलेली कणसं खातात आणि जातात. त्यांना आक्काची वाडी दिसत नाही, कारण धड रस्ता जिथं संपतो तिथून तिची चढण सुरू होते.

वाडीत वीज नव्हती असं नाही. खांब होते, तारा होत्या, मीटरसुद्धा होते. पण वाडी लाइनच्या अगदी शेपटाला, त्यामुळं दाब वर येईस्तोवर मरायचा. बल्ब पेटला की विझला ते जवळ जाऊन बघावं लागायचं. अशा दाबावर गिरणी चालत नाही. म्हणून वाडीतल्या बाया चार-पाच दिवसांआड ज्वारीचे डबे डोक्यावर घेऊन इस्लापूरला उतरायच्या, गिरणीवर नंबर लावून बसायच्या आणि पीठ घेऊन पुन्हा डोंगर चढायच्या. वाडीत मोटारसायकली आहेत, नाही असं नाही. पण त्या गड्यांच्या कामाच्या. दळण हे बायांचं काम, ते मोटारसायकलवर ठेवलं तर मोटारसायकलीची इज्जत जाते. आक्का पन्नाशी उलटलेली, तिचे गुडघे कुरकुरायला लागलेले. तरी तीही त्याच ओळीत.

त्या आक्कानं एक वेडेपणा केला. खाली कुणाची तरी लहानशी जुनी गिरणी विकायला निघाली होती, ती हिनं घेऊन टाकली. घरात कुणाला विचारलं नाही. बैलगाडीतून जमेल तिथवर आणि पुढं चौघांच्या खांद्यावरून ती वर आणली, ओट्यावर मांडली आणि वाडीभर सांगितलं, "माहा भाऊ मोटारीतला हाय. तो चालू करून देतो." दाजींनी कपाळाला हात लावला. मी गेलो, मोटार जोडली, बटण दाबलं. मोटार हूं हूं करत जागच्या जागी तापली आणि वास मारायला लागली. तीन वर्षं ती गिरणी पोत्याखाली झाकून उभी होती. येणारा-जाणारा विचारायचा, "काय बाई, कवा चालू व्हायची गिरणी?" आणि विचारताना हसायचा. आक्का म्हणायची, "व्हईल." सासरी तिला बोल लागत होता तो माझ्या नावानं, आणि तो मला इथं चाकूरात बसून डाचत होता. मला आक्काची गिरणी फिरवायची होती. दुसरी कसलीही हौस नव्हती.

त्याच सुमारास आमच्या गल्लीतल्या लोकांनी चारधामची बस काढली. बायकोनं नाव घातलं म्हणून मीही गेलो. पहाडात एका वळणावर बस बंद पडली. दुरुस्ती होईस्तोवर मी खाली नाल्याकडं उतरलो, तर एका दगडी खोपटात एक म्हातारा पाणचक्कीवर गहू दळत बसलेला. लाकडी पन्हळीतून पाणी सुसाट खाली येत होतं, आडव्या चाकावर आपटत होतं आणि वर दगड फिरत होता. इंजिन नाही, मोटार नाही, काही नाही. मी तिथंच बसकण मारली. चाकाला एक पट्टा लावून छोटा डायनामोही जोडला होता, आणि खोपटात बल्ब लख्ख पेटलेला.

म्हातारा बोलका होता. त्यांच्या खोऱ्यात वीज कशी आली ते त्यानं त्याच्या आजाच्या तोंडून ऐकलं होतं. वर एक गोऱ्या साहेबाचा बंगला होता. त्याच्यासाठी नाल्यावर लोखंडी चाक बसवलं. यंत्र सुटं सुटं करून खेचरांच्या पाठीवरून आणलं, खांब देवदाराचे उभे केले. बंगल्यात उरलेली वीज पुढं गावाला मिळाली, घरटी एक बल्ब. "बिजली हमारे यहाँ शहर से नहीं आई," तो म्हणाला, "इसी नाले से निकली." पहिली काही वर्षं मात्र गावकरी त्या चाकातून सुटलेलं पाणी शेताला घेत नव्हते म्हणे. यंत्रानं पाण्यातला जोर काढून घेतला, आता ह्या पाण्यावर गहू पिकणार नाही, अशी त्यांची खात्री होती. मी पोट धरून हसलो. डोंगरातली माणसं पाण्याला कशी भितात बघा, असं बसमधल्या सगळ्यांना सांगत सुटलो. बाकीचे गंगाजळीत पाणी भरत होते आणि मी त्या पन्हळीची उंची वितीनं मोजत होतो. बायको म्हणाली, "देवाच्या दारात तरी मोटार सोडा."

परत आलो तो थेट आक्काकडं गेलो. वाडीच्या मागं ओढा आहे. वरच्या माळावरून तो सपाट चालत येतो आणि वाडीपाशी एकदम तीस फूट खाली उतरतो. पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत चांगला वाहतो, होळीला दम सोडतो. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने. "सहा म्हैने तं सहा म्हैने," आक्का म्हणाली, "तेवढे तरी गुडघे वाचतील." दाजींना पटेना. "पाव्हणं, पाण्यावर कुठं गिरणी चालते काय?" मी म्हणालो, शाळेच्या सहलीत पाणचक्की बघितली नव्हती का? "बघितली नं. तिथं तं नुस्ते फोटो काढायलेत लोकं." दाजींशी वाद घालण्यात अर्थ नसतो. ते हरत नाहीत आणि चिडतही नाहीत.

चाक मी दुकानात बनवलं. जाड पाइप उभा चिरून त्याची पाती केली आणि दोन लोखंडी तबकड्यांच्या मधे वेल्डिंगनं बसवली. पहिलं चाक वाकडं झालं. दुसऱ्याची पाती उलटी लागली. तिसरं जमलं. तोवर रिवाइंडिंगवाला कामातून गेला अशी चाकूरात बोलवा झाली होती. गिऱ्हाईक मोटार सोडून त्या चाकाकडंच बघायचं आणि विचारायचं, "मिस्त्री, हे कशाचं कूलर हाय?" ऐन रब्बीत, मोटारी धडाधड जळायच्या दिवसांत, मी दुकानाला कुलूप घातलं आणि चाक घेऊन नांदेडमार्गे इस्लापूर गाठलं. भाऊबीज होती. ओवाळताना आक्कानं विचारलं, ताटात काय घालतो? मी म्हणालो, गिरणी घालतो.

ओढा जिथं उतरायला लागतो तिथं आम्ही दगड-सिमेंटची बुटकी भिंत घातली. तिथून उतरणीनं पाइप खाली आणला आणि पाइपाच्या तोंडाशी चाक बसवलं. गिरणी आक्काच्या ओट्यावरून उचलून चाकाशेजारी पत्र्याच्या खोपीत नेली. चाकावरून एक पट्टा गिरणीला आणि दुसरा बारका पट्टा एका लहान जनित्राला, खोपीत उजेड पडावा म्हणून. वाडीतले गडी कडेला बसून तंबाखू मळत बघत होते. बाया मात्र दगड द्यायला आल्या, वाळू वाहायला आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

पाणी सोडलं तेव्हा पहिल्यांदा पट्टा घसरला. मी त्याला सात पिढ्यांच्या शिव्या घातल्या, राळ लावली, ताण दिला. पुन्हा पाणी सोडलं. चाक फिरलं, पट्टा धरला, आणि ते जुनं जातं घरघरत फिरायला लागलं. आक्कानं ज्वारी ओतली. जरा वेळानं खालून पीठ आलं, थोडं जाडसर. तिनं चिमटीत घेऊन चोळून बघितलं आणि म्हणाली, "भाकर थापता येईल." तेवढंच म्हणाली. पण मी तिचा भाऊ आहे, मला तिचा चेहरा वाचता येतो. त्या दिवशी बायांचे डबे खोपीबाहेर ओळीनं लागले, आक्का पायलीनं मोजून घेत होती, नंबर लावून देत होती, नंबर मोडणारीला दरडावत होती. तीन वर्षं हसत विचारणाऱ्यांतला एक गडी स्वतः बायकोचा डबा घेऊन आला. त्याला आक्कानं सगळ्यात शेवटी बसवलं. माझ्या आयुष्यात मी शेकडो मोटारी चालू करून दिल्या असतील, पण इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

तीन आठवडे गिरणी चालली.

मग आक्काचा फोन आला, गिरणी हळू फिरून राहिली. मी म्हणालो, पट्टा ढिला झाला असेल. दाजींनी पट्टा इतका ताणला की तो तुटला. नवा पाठवला. तरी हळू. मी म्हणालो, पाइपात पाला अडकला असेल. पाला काढला. मग बेअरिंग, मग भिंतीची गळती, मग दाजी. दाजींनीच काहीतरी हात लावून बिघडवलंय याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती. फोनवर मी त्यांना नको नको ते बोललो. ते नुसतं "हाव, हाव" म्हणत होते, त्यानं माझा पारा आणखी चढायचा. एक दिवस आक्काचा फोन आला की जातं थांबलं. ओळीत लागलेले डबे तिनं परत केले. तो गडी पुन्हा हसायला लागला होता.

दुकान पुन्हा बंद. बसनं नांदेड, तिथून रेल्वेनं इस्लापूर. वाटेत मी दाजींना काय काय बोलायचं याची उजळणी करत होतो. चढणीवर वाडीच्या बाया डबे घेऊन खाली उतरताना भेटल्या. कुणी माझ्याकडं बघितलं नाही. आक्का त्यांच्यात नव्हती. ती वर घरी जात्यापाशी बसून हातानं दळत होती. खाली इस्लापूरला जायची तिला लाज वाटत होती. 'गिरणीवाली बाई आली दळायला' असं कुणी म्हणू नये म्हणून घरच्या सहा माणसांचं दळण ती पाय दुमडून ओढत होती. ते बघून मी चहासुद्धा न पिता तडक ओढ्यावर गेलो.

चाक पाण्यात बुडालं होतं.

खाली वीस-पंचवीस पावलांवर, जिथं ओढ्याचे काठ जवळ येतात, तिथं युरियाच्या पोत्यांत वाळू भरून नामी बांध घातलेला. पोत्यावर पोतं, मधल्या फटीत माती चोपून बसवलेली. जलसंधारणाच्या पुस्तकात फोटो छापावा असं काम. मागं पाणी तुंबून चाकापाशी सात फूट चढलेलं, आणि त्यात वाडीच्या म्हशी डोळे मिटून बसलेल्या. चाकाखालचं पाणी मोकळं निघून गेलं तरच चाक फिरतं. बुडालेलं चाक साचलेल्या पाण्यालाच घुसळत बसतं आणि सगळी ताकद त्यातच घालवतं. पट्टा, बेअरिंग, पाला, दाजी, कुणाचाच काही दोष नव्हता.

"कोणी केला हा शहाणपणा?" मी इतक्या जोरात ओरडलो की म्हशी उठल्या. काठावर धुणं धुणाऱ्या बायांचे हात थांबले. आक्का माझ्यामागून धापा टाकत आली होती.

"आम्हीच बांधला," ती म्हणाली. "सगळ्याजणींनी."

"अगं पण मला विचारायचं तरी! एक फोन करायचा!"

"केला होता की."

"कधी?"

"चाकातलं पाणी नुस्तंच वाहून चाललंय, अडवू का, म्हणून इचारलं मी. तू म्हणला, अडव की, त्यात इचारायचं काय."

मला आठवलं. त्या दिवशी मांडीवर मोटार उघडून बसलो होतो, डोक्याशी गिऱ्हाईक उभं, कानाखांद्यात फोन धरलेला. आक्का काहीतरी पाणी, अडवू असं म्हणाली. आणि मी म्हणालो होतो, अडव की. पाणी काय वाहून जाऊ द्यायचं असतं? डोक्यानं काही विचार करायच्या आत तोंडातून ते निघून गेलं. आमचा जिल्हा असा, जिथं पिण्याचं पाणी रेल्वेनं आलेलं मी बघितलंय. दर उन्हाळ्यात श्रमदानाला जाऊन मी स्वतः बांध घातलेत. पाणी अडवू का असं कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी आमच्या तोंडून 'अडव' हेच निघणार. आणि मी त्या पहाडातल्या लोकांना हसलो होतो! ते सुटलेल्या पाण्याला घाबरून शेतात घेईनात, आणि आम्हाला ते सुटलेलंच बघवेना. चाक करणारा मी, तीस फुटांचा उतार मोजणारा मी, आणि खालून सात फूट बुजवायला हो म्हणणाराही मीच. उंटावरचा शहाणा म्हणतात तो दुसरा कोण असतो? दाजी तिथंच उभे होते. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी चपला काढून पाण्यात उतरलो आणि वरचं पोतं ओढायला लागलो. तेवढ्यात काठावरची एक बाई किंचाळली, "मिस्त्रीभाऊ, हात लावू नका!" खालच्या आळीतली बाई ती, आक्काच्याच वयाची. तिनं मला ओल्या पायांनी तसंच खालच्या विहिरीवर नेलं. "वाका नं. बघा." मी वाकून बघितलं. पाणी हाताच्या अंतरावर नव्हतं, पण चांगलं होतं, हलतं होतं. दर वर्षी ह्या दिवसांत त्या विहिरीत बादली गाळाला टेकते, आणि मग खालच्या आळीच्या बाया वरच्या झऱ्यावर हंडे घेऊन रांग लावतात. यंदा बांधानं विहिरीला पाणी आलं होतं. "अर्धा दोर बी लागत न्हाई आता," ती म्हणाली. दोर हातात घेऊन ती माझ्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर बैठक बसली. मी सगळं समजावून सांगितलं. बांध आणखी खाली नेता येतो का? नाही. तिथं ओढा पसरट आहे, खाली नुसता कातळ, पोती तग धरत नाहीत. पाइपाचं वरचं तोंड आणखी वर नेऊन उतार वाढवता येतो का? नाही. वरचा माळ सपाट, अर्धा कोस पाइप टाकला तरी दोन फूट मिळणार नाहीत. मग चाकच सात फूट वर उचललं तर? उचलता येईल, मी म्हणालो. गिरणी ओढेल का? सांगता येत नाही, मी म्हणालो. मला पक्कं माहीत होतं की ओढणार नाही. ओढ्याचं पाणीही दिवसागणिक कमी होत होतं. पण आक्का समोर बसली होती आणि माझ्या तोंडून ते निघेना.

मग ज्याच्या तोंडाला जे आलं ते तो बोलला. सरपंच म्हणाले, दोन्ही ठेवा, त्यात काय. कुणी म्हणालं, बांधाला भोक पाडा. जे गडी दगड उचलायला आले नव्हते ते आता यंत्रशास्त्र शिकवायला लागले. आणि दाजी, ज्यांनी त्या गिरणीपायी कपाळाला हात लावला होता, ते सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "बांध फोडा. हिनं तीन साल ऐकून घेतलं लोकायचं. आता गिरणी चालू द्या." तीस वर्षांत मी त्यांना इतकं लांब बोलताना ऐकलं नव्हतं. खालच्या आळीच्या बाया नुसत्या आक्काकडं बघत होत्या.

आक्का पदर सारखा करत उठली. "बांध ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "दळण माहं मी नेईन खाली. पानी ह्या किती जणी वरून आन्तील?"

एवढं बोलून ती घराकडं निघालीसुद्धा. मी तिच्यामागं धावलो. रस्ताभर तिला बोललो. वर्ष घातलं मी ह्यात, म्हणालो. दुकान बुडवलं, लोकांचं हसू झेललं, ते काय खालच्या आळीच्या विहिरीसाठी? मी हे तुझ्यासाठी केलं होतं. माझा आवाज चढला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, ते रागाचं होतं की कशाचं मला माहीत नाही. ती थांबली.

"माह्यासाठी केलं, म्हाईत हाय मला. म्हणून तं मलाच बोलावं लागलं. दुसरी कोन बोलली असती?"

ते ऐकून माझा राग आणखीच चढला. दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही.

चाक वर उचललं. पाच दिवस झटलो. मोकळं जातं छान फिरायचं, अगदी गोड आवाज करत. ज्वारीची ओंजळ टाकली की थांबायचं. पुली बदलली, दगडाला टाकी लावून घेतली, पट्टा बदलला. ओंजळीऐवजी मूठ टाकून बघितली. मुठीवर फिरायचं. मुठीमुठीनं वाडीचं दळण व्हायला पुढची दिवाळी उजाडली असती. सहाव्या दिवशी आक्कानं स्वतःच्या हातानं गिरणीचा पट्टा काढून माझ्याकडं दिला आणि दगडावर पोतं टाकलं. "खोपीत बल्ब लागतो नं?" ती म्हणाली. "मग तो सगळ्याइच्या घरी लाव."

चाकात तेवढी ताकद होती. मी चाकूरहून मोठं जनित्र आणलं, खांबांवरून तार ओढली. घरटी दोन बल्ब आणि शाळेत चार. लख्ख, पांढरे, न डुलणारे. वाडी वेडी झाली. आपली वीज, आपल्या ओढ्याची वीज! पोरांनी मोबाइलवर व्हिडिओ काढले, ते खाली इस्लापूरपर्यंत आणि तिथून किनवटपर्यंत गेले. आमच्या डोंगरात पहिली पाण्यावरची वीज, असं सरपंच येईल त्याला सांगत होते. गिरणीचं नाव कुणी काढेना. मी ते यंत्र कशासाठी आणलं होतं हे एका महिन्यात सगळी वाडी विसरली, आणि तीच माणसं मला 'इंजिनेर साहेब' म्हणायला लागली. मला त्या शब्दाची शिसारी बसली.

सव्वीस जानेवारीला कार्यक्रम ठरला. झेंडावंदन झालं की तालुक्याहून येणाऱ्या पाहुण्याच्या हस्ते बटण दाबायचं, माझा सत्कार करायचा आणि सगळ्या वाडीचं जेवण. जेवण म्हटल्यावर पोळ्या आल्या, आणि पोळ्या म्हटल्यावर पीठ. सकाळी बघतो तर आक्का गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन निघालेली, मागं आणखी तिघी. इतके दिवस ती खाली गेली नव्हती. मी आडवा गेलो, म्हणालो, आज तरी नको, कुणाला तरी मोटारसायकलवर पाठवतो. "बटन दाबायच्या आत येते मी," ती म्हणाली आणि उतरणीला लागली.

पाहुणे वेळेआधी आले. ही गोष्ट आमच्याकडं कधी होत नाही, ती नेमकी त्या दिवशी झाली. त्यांना पुढं दुसऱ्या गावाला जायचं होतं. मी म्हणालो, थांबा, माझी बहीण येऊ द्या. पाहुण्यांनी सरपंचांना विचारलं, "कोण बहीण?" सरपंच म्हणाले, "येतीलच त्या. तोवर करून घेऊ." मी पुन्हा म्हणालो, थांबा. पण ते मी किती जोरात म्हणालो? चाकाशी, दाजींशी, आक्काशी भांडताना माझा जो आवाज चढतो तो त्या दिवशी कुठं गेला होता? बटण दाबलं गेलं. भर उन्हात सगळ्या ओट्यांवरचे बल्ब लागले. टाळ्या पडल्या. माझ्या अंगावर शाल आली आणि कुणीतरी माइक हातात दिला. मी म्हणालो, "हे मी आक्काची गिरणी चालावी म्हणून केलं होतं." लोक हसले. त्यांना वाटलं मिस्त्री गंमत करून राहिला.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर ती चढणीवर दिसली. डोक्यावर डबा, एक हात डब्याला, एक गुडघ्याला. गिरणीवर लाइन गेली होती, म्हणून उशीर झाला होता. मी धावत खाली गेलो आणि डबा उतरवून घेतला. पीठ अजून गरम होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि वर बघितलं. वाडीच्या बल्बांचा उजेड उन्हात कुठं दिसणार?

"लागले का?"

"लागले."

"सगळे?"

"सगळे."

"जरासिक थांबला असता तं म्याबी बघितलं असतं," ती म्हणाली.

मी म्हणालो, चल, मी सगळं बंद करतो आणि पुन्हा तुझ्या हातानं लावतो, आत्ता, चल.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "लोकं जेवायचे खोळंबलेत." आणि माझ्या हातातला डबा परत डोक्यावर घेऊन ती चुलीकडं चालायला लागली.